मीनाकारीच्या अंगठीत माझे १,९२,५०० रुपये गेले

लिहायला लाज वाटते, तरी लिहितोय. आधी हिशेब: २५,००० बयाणा यूपीआयने, १,६०,००० खात्यावर, वर ७,५०० ‘जुन्या वस्तूच्या कागदपत्रांचे’. ते कागद आजतागायत आलेले नाहीत. माल काय, तर जयपूरची दीडशे वर्षांपूर्वीची कुंदन-मीनाकारीची सोन्याची अंगठी, मधोमध माणिक. हाती आली ती जाड मुलामा दिलेली चांदी.

मी डोळे झाकून घेतली नव्हती. भावही स्वस्त नव्हता, मग संशय कशाचा घ्यायचा? हॉलमार्क विचारला, तर विकणारा म्हणाला, ‘काका, कुंदन-जडाऊला हॉलमार्कची सक्ती नाही.’ हे खरं आहे, म्हणूनच मी गप्प बसलो. मशीनवर तपासल्याची, ९१.६ टक्के सोनं म्हणजे बावीस कॅरटची, चिठ्ठीही दाखवली. ते मशीन वरचाच थर वाचतं. मुलामा जाड असला की आकडा मुलाम्याचा येतो. तपासायचं तर आपल्या सोनाराकडे, आणि आतून कोरून. विकणारा नको म्हणाला तर तिथून उठा.

आणि ते भिंग! माझ्याच हातात होतं. माणकाच्या कडेला, कुंदनावर (खडा धरायला भोवती दाबलेल्या शुद्ध सोन्याच्या पत्र्यावर), लाल मीना चढलेला मी स्वतः पाहिला. मीना म्हणजे काचेची पूड, भट्टीत भाजून बसवलेली. त्या आचेत खड्याखाली भरलेली लाख आणि कुंदन टिकत नाही, म्हणून मीना आधी, खडे नंतर. कुंदनावर मीना चढेलच कसा? हे मला माहीत होतं. तरी मनाची समजूत घातली की हातकाम आहे, जुनं आहे, असेल. घरी येऊन त्या रंगावर टाचणी टेकवली, तर रुतली. काचेत टाचणी रुतत नाही. त्याच्यासमोर हे करायला दहा सेकंद लागले असते. मी भिडेपोटी केलं नाही.

माणिक कृत्रिम निघालं. रत्नपारख्याने आतल्या वक्र रेषा दाखवल्या. ज्योतीत वितळवून माणिक करायची ही रीत १९०२ साली जाहीर झाली, मग दीडशे वर्षांपूर्वीच्या अंगठीत ते कुठून येणार?

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘बघूनच घेतली ना? मग हा दिवाणी मामला.’ खोटं सांगून पैसे घेणं म्हणजे फसवणूकच, न्याय संहितेचं कलम ३१८, हे मी त्यांना सांगायचं? सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३०वर, तक्रार नोंदवली, पण बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक हेल्पलाइन, १९१५, म्हणते बिल नाही, दुकान नाही. ठाण्यात पाच खेपा झाल्या. दर वेळी नवा अंमलदार, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच, की चूक माझीच. बिल आणि लेखी वर्णनाशिवाय एक रुपया देऊ नका. शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याला १९७२च्या पुरावस्तू कायद्याने परवाना लागतो, तो मागा.

काल त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली. तेच मखमली कापड, तशीच अंगठी, किंमत २,१०,०००. स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलो. साहेब बंदोबस्तावर आहेत, सोमवारी या म्हणाले.