झायडरवेल्ड आकृती: आठ महिने वापरल्यानंतर

खडकात जपलेलं चुंबकत्व वाचण्यासाठी गेले आठ महिने मी जवळजवळ रोज या आकृतीसमोर बसते आहे. बेसॉल्टचे आणि लाल वालुकाश्माचे मिळून दोनशेच्या आसपास नमुने तिच्यातून गेले. पहिल्या आठवड्यात मला ती फार सोपी वाटली होती. आज ती जास्त आवडते, पण सोपी म्हणणार नाही.

लाव्हा थंड होताना किंवा गाळ साचताना मॅग्नेटाइट, हेमेटाइट अशा खनिजांचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. त्यावर पुढे पुटं चढत जातात: आजच्या क्षेत्राचं, जमिनीखाली गाडलेलं असताना सोसलेल्या उष्णतेचं, कधी वीज पडल्याचंसुद्धा. ती एकेक करून उतरवायची म्हणून 25 मिलिमीटर व्यासाचा आणि 22 मिलिमीटर उंचीचा दंडगोल टप्प्याटप्प्याने तापवायचा, बाहेरचं क्षेत्र अडवलेल्या भट्टीत थंड करायचा आणि उरलेलं चुंबकत्व मोजायचं. दर मोजणीला एक बाण मिळतो. डच संशोधक झायडरवेल्ड यांनी 1967 साली रूढ केलेल्या या आकृतीत त्या बाणाचं टोक एकाच कागदावर दोनदा उतरतं. भरीव ठिपका म्हणजे वरून दिसणारी जागा, पोकळ ठिपका म्हणजे बाजूने दिसणारी. एकच पूट निघत असेल तर ठिपके सरळ रेषेत चालतात. ते संपून दुसरं निघू लागलं की रेषा वळते. शेवटची रेषा आरंभबिंदूकडे, म्हणजे दोन्ही अक्ष जिथे छेदतात त्या शून्याकडे, जायला हवी, कारण सगळं निघून गेल्यावर उरायला काहीच नको.

हे वाक्य मला पाठ होतं, तरी कळलं ते एका वालुकाश्माच्या नमुन्यामुळे. 200 अंश सेल्सिअसपर्यंत आजच्या क्षेत्राचं पूट निघालं, रेषा वळली, सगळं नेहमीसारखं. त्यानंतर मात्र तापवत जावं तसं चुंबकत्व कमी होण्याऐवजी वाढायला लागलं. मोजणी चुकली असं समजून मी नमुना पुन्हा मोजला, आकडा तोच. 580 अंशांना मॅग्नेटाइटचं चुंबकत्व संपतं, म्हणून मी तिथे थांबले. 200 ते 580 हे ठिपके सुरेख सरळ होते. त्यांच्यातून रेषा घातली, सामान्य ध्रुवता, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुव आजच्यासारखेच, अशी नोंद केली आणि पुढच्या नमुन्याकडे वळले.

मॅडमनी पडद्यावर नजर टाकली आणि एवढंच म्हणाल्या, ‘रेषा आरंभबिंदूपासून लांब चालली आहे. मग अजून आत काय उरलंय?’

उरलं होतं ते हेमेटाइटचं. त्याची मर्यादा 680 अंशांच्या आसपास. 630 च्या पुढे दहा-दहा अंशांचे टप्पे घेतले तेव्हा ठिपके एकदम आरंभबिंदूकडे निघाले, आणि ती दिशा आधीच्या रेषेच्या बरोबर उलट होती. चुंबकत्व वाढत होतं ते म्हणूनच: वरचं सामान्य ध्रुवतेचं पूट आतल्या उलट ध्रुवतेच्या चुंबकत्वाला झाकून टाकत होतं, ते निघालं तसं आतलं उघडं पडलं. आकृतीने हे मला आधीच दाखवलं होतं. मी रेषेचा सरळपणा पाहिला आणि ती कुठे चालली आहे ते पाहिलं नाही.

दुसरी सवय मोडायला दोन महिने लागले. पोकळ ठिपक्यांच्या रेषेचा उतार म्हणजेच नतिकोन, म्हणजे बाण क्षितिजाखाली किती झुकला आहे तो कोन, असं डोळा धरून चालतो. तसं नाही. तो भासमान उतार असतो. समजा खरा नतिकोन 35 अंश आहे, दिक्पात, म्हणजे बाण उत्तरेपासून किती वळला आहे तो कोन, 60 अंश आहे आणि बाजूचं चित्र उत्तर-दक्षिण उभ्या प्रतलात काढलंय. तर कागदावर उतार दिसतो साधारण 54 अंश. नतिकोनाची टॅन्जंट किंमत ही अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असते, या सूत्रात 35 घातले तर खडक 19 अंश अक्षांशावर तयार झाला असं निघतं, 54 घातले तर जवळपास 35 अंशांवर. नकाशावर हा फरक 1,700 किलोमीटरचा होतो. आता मी आडवा अक्ष आधी दिक्पाताच्या दिशेला फिरवून घेते, मगच कोनाबद्दल बोलते.

रेषा बसवण्याचं गणित 1980 च्या कर्शविंक यांच्या पद्धतीचं. ठिपके रेषेपासून किती विखुरले आहेत हे ती एका कोनात सांगते, आणि हा कोन 10 किंवा 15 अंशांच्या आत असेल तर निकाल घ्यायचा असा प्रघात आहे. सॉफ्टवेअरमध्ये रेषा आरंभबिंदूला बांधायचा पर्याय असतो, आणि माझी खरी तक्रार त्याच्याबद्दल आहे. तो निवडला की हा कोन बहुतेक वेळा छान लहान होतो. आकडा सुधारतो, माहिती मात्र तेवढीच राहते. वरच्या वालुकाश्मात रेषा मी अशी बांधली असती तर नमुना जे ओरडून सांगत होता तेच दडपलं गेलं असतं. नव्या मंडळींनी तरी सुरुवातीचे काही महिने तो पर्याय बंदच ठेवावा.

काही नमुन्यांत सरळ रेषा सापडतच नाही, वक्र मिळतो. दोन पुटं एकाच तापमानाला निघत असली की असं होतं. तिथे रेषा शोधत बसू नये. ठिपके ज्या प्रतलात फिरतात ते प्रतल घ्यावं आणि अशा अनेक नमुन्यांची प्रतलं दिशांच्या गोलावर जी महावर्तुळं आखतात ती कुठे छेदतात ते पाहावं. ठिपके अचानक भरकटले तर भट्टीत नवं मॅग्नेटाइट तयार झालं असण्याची शक्यता असते. म्हणून दर टप्प्याला चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे नमुना बाहेरच्या क्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते, मोजून ठेवते. माझ्या काही नमुन्यांत ती 450 अंशांनंतर उसळली आणि पुढचे ठिपके मी सोडून दिले.

एक गोष्ट मात्र ही आकृती कधीच सांगणार नाही, ती म्हणजे दिशा कधीची आहे. ॲपलाचियन पर्वतरांगेतल्या चुनखडकांचं चुंबकत्व पुराजीव महाकल्पाच्या अखेरीस नव्याने घडलेलं आहे, आणि रेषा तिथेही सरळच येते. वय ठरवायला खडक आहे त्या जागी जावं लागतं. ग्रॅहम यांनी 1949 साली मांडलेली वलीकसोटी अजून पहिली आठवते: वलीच्या, म्हणजे थरांना पडलेल्या घडीच्या, दोन्ही बाजूंचे थर मनाने परत आडवे केल्यावर दिशा जुळल्या तर चुंबकत्व वली पडण्याआधीचं, विखुरल्या तर नंतरचं. भाजलेल्या मातीची कसोटीही मोलाची: लाव्हाची आणि तिच्या उष्णतेने भाजलेल्या मातीची दिशा जुळते का ते पाहायचं. फ्रान्समध्ये ब्रून यांना लाव्हा आणि तिच्याखाली भाजून निघालेली माती दोन्ही उलट दिशेने चुंबकित सापडली, आणि 1906 साली त्यांनी ते मांडलं तेव्हा पृथ्वीचं क्षेत्र उलटत असल्याचा विचार पुढे आला.

सध्या मी आणि माझी सहकारी प्रत्येक नमुन्याच्या रेषा एकमेकींना न दाखवता निवडतो. दिशांत 5 अंशांहून जास्त फरक पडला की नमुना पुन्हा समोर घेतो. परवाच्या 24 नमुन्यांत असे तीन निघाले, आणि तिन्हींमध्ये शेवटचे ठिपके आरंभबिंदूच्या बाजूने निघून गेलेले होते. ते तीन आता पुन्हा भट्टीत आहेत, 640 पासून पाच-पाच अंशांच्या टप्प्यांनी.