‘निळ्या डोळ्यांचा दुर्मीळ फेरेट’: पैसे देण्याआधी टॉर्च मारून पाहा

‘निळे डोळे, दुर्मीळ रंग’ असं सांगून फेरेटचे (मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी) जास्त पैसे घेतले जातात. घरी आल्यावर तो पाण्याच्या वाटीला धडकतो आणि डॉक्टर मोतीबिंदू असल्याचं सांगतात. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: ‘दिला तेव्हा ठणठणीत होता.’

मोठ्या निरोगी फेरेटचे डोळे काळे, गडद तपकिरी किंवा काळपट लाल असतात, अल्बिनोचे (अंगात रंगद्रव्यच नसलेल्या पांढऱ्या फेरेटचे) गुलाबी-लाल. पिल्लांचे डोळे साधारण पाचव्या आठवड्यात उघडतात. त्याआधीच ‘निळ्या डोळ्यांचं पिल्लू’ म्हणून आगाऊ रक्कम मागणारा धडधडीत खोटं बोलतो. फ्लॅशच्या फोटोवरही विसंबू नका. गडद डोळाही त्यात हिरवा चमकतो.

खोली अंधारी करा आणि टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरका मारा. बाहुलीच्या आत पांढुरकं दिसलं तर दोष भिंगात, म्हणजे बहुधा मोतीबिंदू. तो आनुवंशिकही असतो, म्हणून आईबापांचे डोळेही पाहायला मागा. निळसर धुकं वरच्या पारदर्शक पडद्यावरच असेल तर तिथे सूज किंवा जखम असू शकते. डोळा मोठा, पुढे आलेला वाटला तर काचबिंदूची शंका घ्या. त्यात दुखणंही असतं, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टॉर्चने पाहून झालं की कापसाचा बोळा डोळ्यांसमोर आवाज न करता सोडा. जागा, खेळकर फेरेट नजरेने त्याचा माग घेतो.

डोळ्यांतून पू, हनुवटीवर पुरळ आणि पंजाचे तळवे जाड झालेले दिसले तर तो प्राणी घरात आणूच नका. हा डिस्टेंपर नावाचा विषाणूजन्य रोग असू शकतो. त्यातून फेरेट जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि घरातल्या इतर फेरेटनाही तो होतो.

विक्रेत्याने सोबत दिलेले ‘डोळे साफ करायचे’ थेंब घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल आणि पडद्यावर जखम असेल, तर ती खोल जाऊन डोळा फुटू शकतो. आधी डॉक्टरांकडून, जखम हिरवी चमकून दिसते ती रंगद्रव्याची चाचणी करून घ्या.

डोक्यावर पांढरा पट्टा असलेला फेरेट ‘खास’ म्हणून महाग विकतात. असे बरेच फेरेट बहिरे असतात. तो जागा असताना पाठीमागून खुळखुळा वाजवून पाहा.

पावतीवर ‘दोन्ही डोळे स्वच्छ’ असं लिहून घ्या, आणि डॉक्टरांच्या तपासणीत दोष निघाल्यास पैसे परत, ही अटही. कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबांना तर अशी पावती मागायलाही जागा नाही. तिथे फेरेट पाळणंच बेकायदा आहे, आणि चोरून विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.