बाथरूम-ओट्याचं काम क्रेडिट कार्डावर: आठ-नऊ महिन्यांनंतर

मनीषनगरातला आमचा फ्लॅट जुना. बाथरूमची गळती खालच्यांच्या छतावर दिसायला लागली, तेव्हा फरशी उखडून वॉटरप्रूफिंग, टाइल्स, नळ आणि लगे हात स्वयंपाकघराचा ओटा, असं सगळंच काढलं. मार्चमध्येच, कारण नागपुरात मे लागला की मिस्त्री दुपारी कामाला हात लावत नाही. एकूण खर्च पावणेदोन लाखांच्या घरात गेला. त्यातले नव्वद हजार कार्डावर टाकले आणि बँकेच्या अ‍ॅपवरून त्याचे बारा हप्ते करून घेतले.

नव्वदच का, तर कार्ड चाललं तेवढ्यालाच. माल कार्डावर मिळतो, मजुरी नाही. मिस्त्री, प्लंबर, मलबा उचलणारा, सगळ्यांना दर शनिवारी रोख नाहीतर युपीआय. रुपे क्रेडिट कार्ड युपीआयला जोडता येतं, पण ते दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं, मिस्त्रीच्या स्वतःच्या खात्यावर नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढायचा विचारही करू नका. वेगळं शुल्क तर लागतंच, शिवाय व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

मालाचंही सरळ नाही. इतवारीत टाइल्स ठरवल्या, भाव झाला, कार्ड पुढे केलं तर दुकानदार म्हणाला, "ताई, कार्डवर दोन टक्के वरून लागतील. आणि बिल पक्कं फाडावं लागेल, मग हा भाव नाही जमणार." आधीचा भाव कच्च्या बिलाचा होता, हे तेव्हा कळलं. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी आला. पक्कं बिल मला हवंच होतं, पण ते दोन टक्के मी दिले नाहीत. शेजारच्या दुकानात गेले, तिथे वरचे पैसे न मागता मशीन पुढे केलं. नळ आणि सिंकच्या दुकानात तर कोणी विचारलंही नाही. पॉइंट मिळतात म्हणून दोन टक्के देऊ नका. बहुतेक कार्डांवर पॉइंटची किंमत तेवढी भरत नाही, आणि खरेदीचा ईएमआय केला की अनेक बँका ते पॉइंटही काढून घेतात.

आता हप्त्याचं. दर वर्षाला १५ टक्के, हप्ता ८,१२३. अ‍ॅपवर एवढंच ठळक दिसतं. स्टेटमेंट आलं की त्याखाली व्याजावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा दिसतो. पहिल्या महिन्यात व्याज ११२५, त्यावर जीएसटी २०२. पुढे तो कमी होत जातो. वर्षाचं व्याज साडेसात हजारांच्या जवळ, जीएसटी साडेतेराशे, शिवाय प्रोसेसिंग फी. म्हणजे नव्वद हजारांवर साधारण नऊ हजार. होम लोनचा टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावरच वाढीव कर्ज, दराने स्वस्त पडला असता, पण एवढ्याशा रकमेसाठी फाइल, फी आणि चकरा कोण करणार? चारपाच लाखांचं काम असतं तर मात्र मी टॉप-अपच घेतला असता.

एक गंमत टाइल्सच्या परतीची. उरलेली तीन खोकी परत केली, पैसे कार्डावर जमा झाले. हप्ता मात्र एक रुपयानेही कमी झाला नाही. जमा रक्कम पुढच्या बिलात वळती झाली, एवढंच. त्यामुळे माल मोजून घ्या, कापाकापीला दहा टक्के जास्त धरा, त्याहून जास्त नको.

लिमिट दोन लाख आहे. त्यातले नव्वद हजार अडकले आणि जसजसं मुद्दल फिटतंय तसतसे मोकळे होताहेत. सुरुवातीला सिबिल स्कोअर थोडा घसरला, आता वर येतोय. घरात कोणी कर्जासाठी अर्ज करणार असेल, तर त्याच्या तोंडावर हे करू नये.

हप्ते न करता नुसतं 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत राहणं हा वेगळाच प्रकार. महिना पावणेचार टक्के दर असेल, तर नव्वद हजारांवर जीएसटी धरून महिन्याला चार हजारांच्या जवळ जातात. वर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे दूध-किराणाही पहिल्या दिवसापासून व्याजावर. आमच्या सोसायटीत एकाने फर्निचर असं घेतलंय. प्लाय लकडगंजचा, एकदम चांगला, पण पैसे अजून फिटतायत.

आमचे शेवटचे हप्ते राहिलेत. संक्रांत झाली की रंगकाम काढायचंय. रंग आणि पुट्टी कार्डाचं बिल निघेल त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्डावर घेणार, म्हणजे दीड महिना हातात राहतो आणि हप्त्यांची गरजच पडत नाही. मजुरीसाठी आरडी चालू केली आहे.