वॉरेन की सँडर्स : संपत्ती कर आणि साठ मतांची अडचण

विषमता कमी करेन, असं डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उभा राहिलेला प्रत्येक जण म्हणतो. त्या वाक्यावर मत ठरवू नये. मत ठरवावं त्या वाक्याला जोडलेल्या कागदांवर : कर कुणावर, किती टक्के, वसूल कोण करणार आणि कायदा सिनेटमधून बाहेर कसा पडणार. हे कागद इतके तपशिलात एरवी मिळत नाहीत. २०२० मध्ये मिळाले होते, कारण एलिझाबेथ वॉरेन आणि बर्नी सँडर्स एकाच वेळी रिंगणात होते. दोघंही सिनेटर, आणि दोघांच्याही कराची वसुली किती होईल याचा अंदाज बर्कलीच्या त्याच दोन अर्थतज्ज्ञांनी, इमॅन्युएल साएझ आणि गॅब्रिएल झुकमन यांनी काढलेला. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या ज्या मराठी मतदारांना २०२८ मध्ये पुन्हा असाच निर्णय करायचा आहे, त्यांनी ही जोडी एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावी. माझा कल वॉरेनबाईंकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तो त्यांच्या संपत्ती करामुळे नाही.

तरी सुरुवात करापासूनच. वॉरेनबाईंनी जानेवारी २०१९ मध्ये मांडलेला कर सुटसुटीत होता. कुटुंबाच्या निव्वळ संपत्तीतल्या ५ कोटी डॉलरच्या वरच्या भागावर २ टक्के, १०० कोटींच्या वर ३ टक्के. नोव्हेंबरमध्ये, सगळ्यांना मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) द्यायचा खर्च भागवायला, हा वरचा दर त्यांनी ६ टक्क्यांवर नेला. सुमारे ७५,००० कुटुंबं कक्षेत येणार होती. सँडर्स यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये आठ पायऱ्यांची शिडी मांडली. जोडप्याला ३.२ कोटींपासून १ टक्का, ५ कोटींपासून २, २५ कोटींपासून ३, ५० कोटींपासून ४, १०० कोटींपासून ५, २५० कोटींपासून ६, ५०० कोटींपासून ७ आणि १,००० कोटींच्या वर ८. एकट्या माणसासाठी हे सगळे उंबरठे निम्मे. कक्षेत सुमारे १,८०,००० कुटुंबं. दहा वर्षांच्या वसुलीचा अंदाज सँडर्स यांचा ४.३५ लाख कोटी डॉलर, तर वॉरेनबाईंच्या मूळच्या, कमी दराच्या आराखड्याचा २.७५ लाख कोटी.

ऐकायला सँडर्स यांचा कर सगळीकडेच जड वाटतो. कागद-पेन्सिल घेऊन बसलं की चित्र थोडं बदलतं. ६ कोटी डॉलरच्या जोडप्याला वॉरेनबाईंच्या हिशेबाने वर्षाला २ लाख डॉलर बसतात, सँडर्स यांच्या हिशेबाने ३ लाख ८० हजार. १०० कोटींवाल्याला १.९ कोटी आणि ३.१७ कोटी. पण २२७ कोटींपासून साधारण ५२३ कोटींपर्यंत, वॉरेनबाईंचा वाढीव ६ टक्के धरला तर, त्यांचाच कर किंचित जास्त येतो. ५०० कोटींवर बघा : २५.९ कोटी विरुद्ध २५.६७ कोटी. त्याच्या वर सँडर्स पुन्हा पुढे निघतात आणि १०,००० कोटींच्या धनिकाकडून ७८१ कोटी मागतात, वॉरेनबाई ५९६ कोटी. म्हणजे खरा फरक दोन टोकांना आहे, ५ कोटींच्या आसपास आणि अगदी शिखरावर. मधला पट्टा जवळपास सारखा. ‘एक कडवा, एक मवाळ’ ही ओळख या आकड्यांत टिकत नाही.

एक फट मात्र वॉरेनबाईंच्या आराखड्यात होती. त्यांचा ५ कोटींचा उंबरठा एकट्याला आणि जोडप्याला एकच. दोन धनाढ्य माणसांनी लग्न केलं तर एक उंबरठा गेला, वेगळे राहिले तर दोन मिळाले. सँडर्स यांनी उंबरठे अर्धे करून ती फट बुजवली होती.

दर किती, यापेक्षा मूल्यांकन कसं, हा प्रश्न मोठा आहे, आणि तो आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगायला नको. भारतात संपत्ती कर १९५७ पासून होता. शेवटी शेवटी ३० लाखांच्या वर १ टक्का. पण १९९३ पासून शेअर त्यातून वगळलेले, आणि कर कशावर, तर दागिने, गाड्या, शहरातली रिकामी जमीन, दुसरं घर, ५०,००० च्या वरची रोकड. श्रीमंतांची खरी संपत्ती शेअरमध्ये, आणि कर सोन्याच्या पाटल्यांवर! २०१३-१४ मध्ये देशभरातून गोळा झाले १,००८ कोटी रुपये. २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी तो रद्द केला आणि त्याऐवजी एक कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांचा अधिभार २ टक्क्यांनी वाढवला. युरोपातही तसंच घडलं. श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटात १९९० मध्ये बारा देशांत असा कर होता, २०१७ मध्ये चार उरले. कारणं ठरलेली : उंबरठा इतका खाली की मध्यमवर्गही सापडतो, सवलती इतक्या की बडे सुटतात, आणि माणूस सीमा ओलांडून गेला की कर संपला.

या तिन्ही चुका दोघांनीही टाळल्या, हे मान्य करायला हवं. उंबरठे उंच ठेवले, कुठल्याही प्रकारची मालमत्ता वगळली नाही, आणि अमेरिका नागरिकाला जगात कुठेही असला तरी कर लावत असल्याने पळवाट राहते ती नागरिकत्व सोडण्याची. त्यावर वॉरेनबाईंचा ४० टक्के निर्गमन कर, सँडर्स यांचा १०० कोटींपर्यंत ४० आणि त्यापुढे ६०. वसुलीच्या यंत्रणेत सँडर्स जास्त नेमके : राष्ट्रीय संपत्ती नोंदवही, १ टक्क्याच्या पायरीतल्या ३० टक्के विवरणपत्रांची तपासणी आणि अब्जाधीशांची शंभर टक्के. वॉरेनबाईंनी किमान तपासणीचं बंधन मांडलं, आयआरएसला (संघराज्याच्या कर खात्याला) वाढीव पैसे मांडले, आणि ज्याची संपत्ती बंदिस्त कंपनीत अडकली आहे त्याला व्याजासह पाच वर्षांपर्यंत मुदत दिली. ही मुदत गरजेची आहे. ज्या कंपनीचे शेअर बाजारात विकले जात नाहीत, तिच्या मालकाकडे कर भरायला रोकड नसते आणि मग तो कोर्टात जातो.

नोंदवही म्हणजे काही अघोरी प्रकार नव्हे. पुण्या-नाशिकच्या बँकेत मुदत ठेव असलेले लोक दरवर्षी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अर्ज, भरतातच. सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी भरावा लागतो. वर ‘फॅटका’ (FATCA) या अमेरिकी कायद्यामुळे भारतातली बँकही तीच माहिती कळवते. पगारदार माणूस प्रामाणिक राहतो तो बहुतेक वेळा याच दुहेरी नोंदीमुळे. तीच शिस्त ५ कोटींच्या वर लावायची, इतकंच.

घटनेचा धोका दोघांनाही सारखा. प्रत्यक्ष कर राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घ्यावा, असं अमेरिकेची घटना म्हणते. तसा वाटला तर गरीब राज्यातल्या मोजक्या श्रीमंतांना भरमसाट दर पडेल आणि करच निरर्थक होईल. १८९५ मध्ये याच कलमावर आयकर कोसळला होता. तो परत आणायला १९१३ ची सोळावी घटनादुरुस्ती लागली, पण ती फक्त उत्पन्नापुरती. २०२४ च्या मूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी नफ्यावरचा एक कर टिकवला, संपत्ती कराचा प्रश्न मात्र उघडाच ठेवला. म्हणून उमेदवाराकडे दुसरा मार्ग आहे का, ते बघावं. वारसा करावर न्यायालयीन वाद राहिलेला नाही. त्यावर दोघांचीही विधेयकं होती, सँडर्स यांचा वरचा दर १०० कोटींवर ७७ टक्के.

विद्यार्थी कर्जावर थोडक्यात : सँडर्स सगळं १.६ लाख कोटी डॉलर माफ करणार होते, शेअर व्यवहारांवर अर्धा टक्का कर लावून. वॉरेनबाई ५०,००० पर्यंत माफ करणार होत्या. १ लाखाच्या वरच्या उत्पन्नाला दर ३ डॉलरमागे १ डॉलर कमी, अडीच लाखांना शून्य. विषमता हाच निकष असेल तर वॉरेनबाईंची मांडणी मला जास्त पटते. दंतवैद्याचं कर्ज फेडायला सरकारी पैसा आधी जाऊ नये.

आरोग्यविम्यात मात्र उलट. वॉरेनबाईंनी सगळ्यांच्या मेडिकेअरसाठी कंपन्यांकडून ८.८ लाख कोटी डॉलर घ्यायचं ठरवलं, ते माणशी रक्कम धरून. म्हणजे झाडूवाल्यासाठी जितके डॉलर, तितकेच उपाध्यक्षासाठी. सँडर्स यांच्या पर्यायांत पगाराच्या प्रमाणात वर्गणी होती : कंपनीकडून ७.५ टक्के, कर्मचाऱ्याकडून ४ टक्के, आणि चौघांच्या कुटुंबाला पहिले २९,००० डॉलर माफ. न्याय्य सँडर्स यांचंच. मध्यमवर्गावर कर वाढवणार नाही, हे वाक्य शाबूत ठेवण्यासाठी वॉरेनबाईंनी वाकडी वाट धरली आणि ती त्यांना महागात पडली, असं मला वाटतं.

आता ज्या एका गोष्टीने माझा काटा हलला ती. सिनेटमध्ये १०० जण, आणि फिलिबस्टरमुळे, म्हणजे चर्चा लांबवून विधेयक अडवण्याच्या मुभेमुळे, साधा कायदा पुढे सरकायला ६० मतं लागतात. ५१ मतांत जातं ते फक्त रिकन्सिलिएशनचं अर्थविधेयक, आणि त्यावर बर्ड नियमाचा पहारा : ज्या कलमाचा अर्थसंकल्पावरचा परिणाम केवळ आनुषंगिक आहे ते बाहेर. ठरवतात सिनेटच्या पार्लमेंटेरियन, म्हणजे नियमांचा अर्थ सांगणाऱ्या अधिकारी. आता विषमतेची यादी या चाळणीतून ओता. संपत्ती कर जातो, तो महसूलच आहे. विद्यार्थी कर्ज जातं. अडकतं काय? किमान वेतन. कंपनीच्या संचालक मंडळात कामगारांच्या जागा, वॉरेनबाईंच्या ४० टक्के, सँडर्स यांच्या ४५. संघटना बांधण्याचा कायदा. सोशल सिक्युरिटी तर रिकन्सिलिएशनला मुळातच वर्ज्य, त्यामुळे त्यातली वाढही अडकली. थोडक्यात, श्रीमंतांकडून घेण्याचे कायदे ५१ मतांत जातात, पण कामगाराच्या हातात ताकद देणारे जवळजवळ सगळे ६० वर अडतात.

वॉरेनबाईंनी एप्रिल २०१९ मध्येच स्पष्ट सांगितलं की विरोधी पक्ष अडवणार असेल तर फिलिबस्टर काढून टाकावा. सँडर्स तेव्हा त्याला राजी नव्हते. त्यांचं म्हणणं होतं, सगळं रिकन्सिलिएशनमध्ये घालू आणि पार्लमेंटेरियनने नाही म्हटलं तर सिनेटच्या अध्यक्षपदी बसलेले उपराष्ट्राध्यक्ष तो निर्णय बाजूला सारतील. याची गोम अशी की दोन्ही वाटांना पाठीशी तेच पन्नास सिनेटर लागतात. मग नियम उघडपणे बदलण्याऐवजी दरवेळी पंचाचा निकाल फिरवायचा, आणि तोही एका माणसाच्या हिमतीवर? इतक्या मोठ्या आश्वासनांच्या खाली इतका डळमळीत खांब, हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं.

पुढे काय झालं ते सगळ्यांसमोर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पार्लमेंटेरियन एलिझाबेथ मॅकडोनो यांनी १५ डॉलर किमान वेतन कोविड मदतीच्या रिकन्सिलिएशन विधेयकात बसत नाही असं सांगितलं. उपराष्ट्राध्यक्षांनी तो निर्णय फिरवला नाही. ५ मार्चला सँडर्स यांनी ते दुरुस्ती म्हणून आणलं, ४२ विरुद्ध ५८ ने पडलं. संघराज्याचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर होतं, तिथेच राहिलं.

हे सगळं सांगितलं तरी माझ्या म्हणण्यात एक कच्चा दुवा आहे. जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्कांसाठी फिलिबस्टरचा नियम बदलायचा प्रयत्न झाला, तोही ४८ विरुद्ध ५२ ने हरला. सँडर्स यांचं मत तेव्हा बदलाच्या बाजूने होतं. म्हणजे वॉरेनबाईंची वाट सरळ असली तरी मोकळी नव्हती. आणि कायद्याशिवाय मिळवण्याचं कसब सँडर्स यांच्यापाशी जास्त. त्यांच्या आणि कामगारांच्या रेट्यानंतर ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१८ पासून अमेरिकेत किमान १५ डॉलर केले. २०१० च्या आरोग्य कायद्यात वस्तीपातळीच्या दवाखान्यांसाठी ११०० कोटी डॉलर त्यांनीच बसवून घेतले. दुसऱ्या पारड्यात वॉरेनबाईंची ग्राहक आर्थिक संरक्षण संस्था आहे : २००७ मध्ये कल्पना मांडली, २०१० मध्ये कायद्यात आली, २०११ मध्ये दार उघडलं, आणि २०१७ पर्यंत जवळपास १,२०० कोटी डॉलरचा दिलासा सामान्य कर्जदारांना मिळाला. कागदावरची गोष्ट कार्यालयात, फोनवर, तक्रार क्रमांकात कशी उतरवायची, हे तिथे दिसतं. म्हणून माझं पारडं थोडं त्यांच्याकडे झुकतं. ज्याला रस्त्यावरच्या चळवळीतून बदल येतो असं वाटतं, त्याने सँडर्स निवडले तर मी वाद घालणार नाही.

२०२८ च्या उमेदवाराला सभेत एकच प्रश्न विचारायची संधी मिळाली तर टक्केवारी विचारू नका. ‘तुमच्या यादीतल्या कोणत्या तीन गोष्टींना साठ मतं लागतात, आणि ती नसतील तेव्हा काय कराल?’ एवढंच विचारा, आणि उत्तरात रिकन्सिलिएशनच्या पुढे काही येतं का ते ऐका.

मतपत्रिकेबद्दल दोन गोष्टी राहिल्या. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये पक्षाची नोंद नसलेल्यांना टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाचा रकानाच नव्हता. डेमोक्रॅटिक मतपत्रिका वेगळी मागवावी लागत होती, आणि फ्रीमाँट-सनीव्हेलसारख्या गावांत ते ऐनवेळी कळलं तर धावपळ होते. पुढच्या वेळी नियम आधी तपासा. न्यू जर्सीची प्रायमरी त्या वर्षी ७ जुलैला झाली. वॉरेनबाई ५ मार्चला आणि सँडर्स ८ एप्रिलला थांबले होते, त्यामुळे एडिसनकरांच्या हातात निवड उरलीच नव्हती.

दुसरी गोष्ट १५ टक्क्यांची. राज्यात किंवा मतदारसंघात तेवढी मतं पडली नाहीत तर उमेदवाराला तिथला प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारा) मिळत नाही. कॅलिफोर्नियात वॉरेनबाईंना राज्यभरात साधारण १३ टक्के पडली, राज्यपातळीचा वाटा शून्य, मिळाले ते मतदारसंघांतून अकरा. तेव्हा आपल्या मतदारसंघातल्या चाचण्या आठवडाभर आधी बघा आणि आपली पहिली पसंती १५ च्या खूप खाली असेल तर दुसरीला द्या. माझी दुसरी पसंती सँडर्सच होती, आणि पहिलीपासून ती फार लांब नव्हती.