डुंकेल की श्वार्त्सबिअर? ग्लास अर्धा झाल्यावर ठरतं

क्राफ्ट ब्रुअरीच्या पाटीवर बहुतेक वेळा नुसतं ‘डार्क लागर’, म्हणजे गडद रंगाची लागर बिअर, एवढंच लिहिलेलं असतं. मागवण्याआधी एवढं विचारून घ्यावं, की ही जर्मनीतल्या म्युनिककडच्या डुंकेलच्या वळणाची आहे की तिथल्याच थुरिंगिया प्रांतातल्या श्वार्त्सबिअरच्या. दोन्ही तळाशी बसणाऱ्या यीस्टने थंडीत आंबवलेल्या, मग कित्येक आठवडे शून्याच्या आसपास मुरवलेल्या. अल्कोहोलही दोन्हींत ५ टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडेच. फरक सगळा माल्टातला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातला.

डुंकेलचा पाया म्युनिक माल्टचा. मोड आलेला जव जरा चढ्या आचेवर वाळवलेला, पण करपू न दिलेला. म्हणून तिची चव खरपूस भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची. काही ब्रुअर सगळंच्या सगळं म्युनिक माल्ट वापरतात आणि रंगापुरतं चिमूटभर काळं माल्ट घालतात. जुन्या पद्धतीत मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या भरडलेल्या माल्टचा, एक भाग वेगळा काढून उकळून परत ओततात, त्याने हा खमंगपणा आणखी खोल होतो. श्वार्त्सबिअरमध्ये पाया फिक्या पिल्सनर माल्टचा, जोडीला थोडं म्युनिक, आणि वर साधारण ३ ते ५ टक्के काळं भाजलेलं माल्ट. कॉफीची, कडू चॉकलेटची छटा येते ती एवढ्याशा मालातून. अंग हलकं, शेवट कोरडा, हॉप्स या कडू फुलांचा कडवटपणा थोडा वरचढ.

दोन्ही शेजारी ठेवून चाखायच्या तर प्रत्येकी १५० मिली पुरे. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवलेला नको. भांड्याच्या साबणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो, म्हणून आधी थंड पाण्याने खळखळून घ्यावा. फ्रीजमधली बाटली ४ अंशांवर असते आणि तिथे दोन्ही सारख्याच लागतात, कारण जिभेला गारव्यापलीकडे काही कळत नाही. आपल्याकडच्या उकाड्यात बाटली दहा-बारा मिनिटं बाहेर राहिली की ८-९ अंशांवर येते, ती वेळ खरी. ग्लास दिव्यासमोर धरला की डुंकेल तांबूस-तपकिरी दिसते. श्वार्त्सबिअर नावाने ‘काळी’ असली तरी तिच्या कडेला डाळिंबी झाक दिसायला हवी. आधी डुंकेल, मग श्वार्त्सबिअर, कारण भाजकी चव एकदा जिभेवर बसली की मागून आलेली डुंकेल मिळमिळीत वाटते. मध्ये साधं पाणी आणि पावाचा तुकडा. मसाला पापड चाखून होईपर्यंत लांबच बरा.

दोष दोन्हींत सारखेच शोधावेत. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आला तर बिअर पुरती मुरायच्या आत बाहेर काढलेली असते. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे उकळणं कमी पडलं किंवा उकळल्यावर गार करायला वेळ लागला. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे हवा लागली आणि माल जुना झाला. डुंकेलला हा शेवटचा दोष फार सोसत नाही, तिचा खमंगपणा आधी जातो आणि नुसता गोडवा मागे उरतो. कॅनवरची तारीख तिच्या बाबतीत पाहावीच.

आता अडतं कुठे ते सांगतो. श्वार्त्सबिअरचा पहिला घोट बहुधा जास्त आवडतो, स्वच्छ आणि चपळ. पण ग्लास अर्धा होतो, बिअर १२-१३ अंशांवर येते आणि जिभेच्या मागच्या बाजूला राखट, तुरट थर धरायला लागतो. याचं कारण जवाच्या टरफलात आहे. टरफलासकट काळं भाजलेलं माल्ट वापरलं, किंवा ते मॅशमध्ये फार वेळ राहिलं, की टरफलाचा करपट तुरटपणा उतरतो. टरफल काढून भाजलेलं माल्ट मिळतं, बामबेर्गच्या वायरमान या माल्ट कंपनीचं काराफा स्पेशल त्यातलंच. काही ब्रुअर काळं माल्ट मॅशच्या अगदी शेवटी घालतात. एवढी काळजी घेतलेली श्वार्त्सबिअर शेवटच्या घोटापर्यंत गुळगुळीत राहते. ती हातात येतेच असं नाही, अडचण एवढीच. शेवटचा तिसरा हिस्सा नकोसा झालेला ग्लास मला श्वार्त्सबिअरचाच जास्त आठवतो. डुंकेल गरम होताना जरा गोडसर होते, हे खरं. पण तो गोडवा सुसह्य असतो आणि वास उलट खुलतो.

जेवणाबरोबर हा फरक आणखी वाढतो. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटपातलं सुकं मटण आणि डुंकेल यांची जात एकच, दोन्हींचा खमंगपणा भाजण्यातून आलेला. श्वार्त्सबिअरचा कडवटपणा तिखटावर पडला की तिखट जास्त झोंबतं. तिच्यासोबत कमी तिखट तळलेलं, मिठाचं काही बरं.

मात्र गोडसर बिअर मुळातच नको वाटत असेल, किंवा स्टाउट या काळ्या बिअरची भाजकी चव हवी पण पोटाला जड नको असेल, तर श्वार्त्सबिअरच घ्यावी. तिचा नमुना म्हणून बाड क्योस्ट्रित्सची क्योस्ट्रित्सर पाहता येईल, ४.८ टक्क्यांची. डुंकेलसाठी आयिंगरची अल्टबायरिश डुंकेल. या दोन्ही एकदा चाखल्या की स्थानिक ब्रुअरीची कुठल्या बाजूला झुकते ते लगेच ओळखू येतं.

टॅपवर असताना आधी छोटा नमुना मागावा, दोन घोट घेऊन ग्लास तळहातात धरून पाच मिनिटं थांबावं आणि मग तिसरा घोट घ्यावा. राख लागली नाही, तर पाइंट बिनधास्त मागवावा, मग ती कुठलीही असो. लागली, तर डुंकेल आहे का ते विचारावं.