पॅन्ट चेनपासून वाचवणारी पट्टी: आठ महिने वापरून

रोज जाऊन-येऊन 14 किलोमीटर सायकल, असे आठ महिने ही पट्टी वापरली आणि मगच लिहायला बसले. वस्तू अगदी साधी. 4 सेंटिमीटर रुंद, ताणली जाणारी कापडी पट्टी, टोकाला चरचर आवाज करत सुटणारी चिकटपट्टी आणि मधून जाणारी चंदेरी रिफ्लेक्टिव्ह रेघ. पॅन्टचा पाय घोट्याच्या वर आवळून ठेवायचा, की कापड चेनकडे फिरकत नाही. जोडीने मिळते.

घ्यावी लागली ती एका चढामुळे. सीटवरून उठून पॅडल मारत होते आणि उजवा पाय एकदम वर येईनासा झाला. वरची चेन मागून येऊन पुढच्या दातेरी चाकावर जिथे बसते, नेमकं तिथे कापड आत ओढलं जातं. पाय सायकललाच बांधल्यासारखा होतो, टेकवता येत नाही. डावा पाय वेळेत टेकला म्हणून पडले नाही. घाबरून मी पॅन्ट ओढली, तर कापडाला एका रांगेत चार भोकं, बरोबर अर्ध्या-अर्ध्या इंचावर. चेनचं मापच तेवढं असतं. तुमच्यावर ही वेळ आली तर ओढू नका. फ्रीव्हीलची सायकल, म्हणजे जिचं पॅडल उलटं मोकळं फिरतं, असेल तर पॅडल हळूहळू उलटं फिरवा, कापड गेलं त्याच वाटेने बाहेर येतं.

त्याआधी सगळे उपाय करून झाले होते. मोज्यात पॅन्ट खोचली, तर उतरल्यावर कापड चुरगळलेलं. दुमडून वर घेतली, तर दुमड अर्ध्या रस्त्यात सुटायची आणि उघड्या पोटरीवर चेनचे काळे दात उमटायचे. रबर बँड रुतायचं. बाबांची जुनी स्टीलची क्लिप मात्र चांगली होती, इंग्रजी सी अक्षरासारखी. जाड कापडावर ती आजही घट्ट बसते. पातळ पॅन्टवरून घसरते आणि घोट्याच्या हाडावर टोचते, एवढीच तिची अडचण. रुंद पट्टीने दोन्ही प्रश्न सुटले.

पण बांधायची कशी, ते कळल्याशिवाय पट्टीचा उपयोग नाही. पहिले काही दिवस मी नुसती गुंडाळत होते. कापडाचा घोळ आतल्या बाजूला जमायचा आणि पट्टी असूनही चेनला घासायचा. ते बघून बाबा म्हणाले, "अगं, आत नको, बाहेर दुमड." आता मी पुढून कापड पायाला सपाट लावते, राहिलेला घोळ मागून बाहेरच्या बाजूला वळवते, त्यावर पट्टी ओढते आणि टोकही बाहेरच चिकटवते. आतली बाजू गुळगुळीत राहिली पाहिजे, कारण चेन तिकडे आहे. मग एकदा गुडघा पूर्ण वाकवून बघायचं. कापड ताणलं जात असेल तर थोडं सोडायचं.

चेन उजवीकडे, म्हणून दिवसा एकच पट्टी पुरते. अंधारात दोन्ही पायांना बांधा. मागून येणाऱ्याला ती चंदेरी रेघ वर-खाली होताना दिसते आणि पुढे सायकलवर माणूस आहे हे लगेच कळतं. एका जागी स्थिर असलेल्या लाल रिफ्लेक्टरने ते इतकं चटकन कळत नाही.

तक्रारी आहेत. चिकटपट्टीच्या आकड्यांत धागे, केस अडकतात आणि दोन-तीन महिन्यांत पकड सैल पडते. जुन्या टूथब्रशने खरवडलं की पुन्हा धरते. एका पट्टीची शिवण टोकाला उसवली, ती मी हाताने घातली. जाड बुटांच्या वरून बांधायला लांबी अपुरी पडते, हे कंपनीने सुधारायलाच हवं.

चेन पूर्ण झाकणारं कव्हर असेल तर ही घेऊ नका, गरजच नाही. अर्धं कव्हर असेल तर घ्या. माझ्या सायकलला अर्धंच आहे आणि कापड खालून शिरतं.

दुसरी पट्टी दिवसा पिशवीत पडून राहायची. आता सायकल उभी करताना तिने पुढचा ब्रेक दाबून हँडलला बांधून ठेवते. उतारावरही सायकल जागची हलत नाही.