गेमिंग पावडर: डबा रंगीत, काम कॅफिनचं

मी फोंड्यात औषधांचं दुकान सांभाळतो आणि रात्री शटर खाली ओढलं की व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो. चवथीच्या सुट्टीतल्या स्पर्धेआधी आमच्या पाच जणांच्या टीमने वर्गणी काढून गेमर्ससाठी विकल्या जाणाऱ्या पावडरीचा एक डबा मागवला. 'फोकस', 'रिअ‍ॅक्शन टाइम' असं बरंच काही डब्यावर छापलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या जातीच्या बहुतेक डब्यांवर साधारण हेच घटक वाचायला मिळतात.

चवीचं आधी उरकतो. रासबेरीचा वास, सुक्रालोजचा गोडवा, आणि तो जिभेवर रेंगाळतो. थंड पाण्यात चटकन विरघळते. मात्र आपल्याकडच्या पावसात डबा एकदा उघडला की तिचे खडे होतात, आतली सिलिका जेलची पुडी पुरी पडत नाही. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काढून ठेवावी.

आता लेबल. एका चमच्यात १५० मिलीग्रॅम कॅफिन. आपल्याकडे कॅफिनच्या पेयांवर एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेची, मर्यादा लिटरमागे ३०० मिलीग्रॅम आहे, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५. या पावडरीचा एक चमचा म्हणजे असे दोन कॅन. आणि तो पेलाभर पाण्यात घालायचा की बाटलीभर, हे पिणाऱ्यावर सोडलेलं.

जाणवतं का? जाणवतं. अर्ध्या-पाऊण तासात डोळे टक्क उघडतात, कंटाळा जातो. दिवसभर मेंदूत अडेनोसिन साठत जातं आणि त्याने झोप येते. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा असतो तिथेच असतो, फक्त तो कळेनासा होतो. शिवाय शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला चमचा घेतला तर पहाटे तीनला अजून एका कॅनइतकं कॅफिन अंगात असतं. झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी नेम बिघडतो, आणि मग परत चमचा.

बाकीचे घटक 'फोकस ब्लेंड, २ ग्रॅम' या एका ओळीत कोंबलेत: टॉरिन, टायरोसिन, थिअनिन. कोणतं किती, ते सांगितलेलं नाही, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच. औषधाच्या स्ट्रिपवर असं कोणी छापलं तर आपण ती घेऊ का? यातल्या थिअनिनला मी मान देतो. ते चहाच्या पानात असतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५० मिलीग्रॅम कॅफिनसोबत १०० मिलीग्रॅम थिअनिन दिल्यावर, लक्ष एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळवण्याच्या चाचणीत वेग आणि अचूकपणा दोन्ही सुधारले. पण मात्राच माहीत नसेल तर त्या प्रयोगाचा या डब्याला काय उपयोग? टायरोसिनचे प्रयोग थंडी आणि जागरणाच्या ताणाखाली झाले, तेही कित्येक ग्रॅम देऊन. दोन ग्रॅमच्या मिश्रणात ते बसणारच नाही.

बी जीवनसत्त्वं भरपूर आहेत. कमतरता असेल तर त्यांचा फायदा होतो, नसेल तर जास्तीची बरीचशी लघवीवाटे निघून जातात. बी-२ मुळे तिचा रंग गडद पिवळा होतो, घाबरू नका. डोळ्यांसाठी म्हणून ल्युटिन घातलंय. स्क्रीनसमोर डोळे चुरचुरतात ते पापण्या कमी मिटल्याने. त्यावर ल्युटिन हा इलाज नव्हे.

आम्ही काही रात्री पावडर घेऊन खेळलो, काही रात्री दोन-अडीच चमचे इन्स्टंट कॉफी घेऊन. सरावातले आकडे मी वहीत टिपत होतो. पावडरीने कॉफीपेक्षा काही जास्त दिलं असं त्यात कुठेही दिसलं नाही. पावडरीच्या एका चमच्याला साठेक रुपये पडतात. तेवढ्यात फोंड्याच्या बाजारात पातळभाजी-पाव आणि चहा होतो, आणि चहात थोडं कॅफिन, थोडं थिअनिन असतंच.

पाचपैकी दोन गुण देतो, तेही कॅफिनचा आकडा स्पष्ट छापल्याबद्दल.

काळजी वाटते ती शाळकरी पोरांची. "दादा, तुमच्याकडे ती गेमिंगची पावडर मिळते?" म्हणून आठवी-नववीतली मुलं दुकानात विचारू लागली आहेत. मुलांसाठी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली दिलेला हिशेब दिवसाला किलोमागे ३ मिलीग्रॅम कॅफिनचा आहे. ४५ किलोच्या मुलाला १३५ मिलीग्रॅम. एका चमच्यातच ते ओलांडलं जातं, घरचा चहा वेगळाच. मी हा डबा दुकानात ठेवणार नाही, आणि मुलासाठी तो मागवायला निघालेल्या आईबाबांना हा हिशेब कागदावर मांडून देईन.